तोंड लोकेशचं, धड माझं

"तोंड लोकेश करल, धड तू कर," निनावे काका म्हणाले आणि तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला बाहेर गेले.

काका थुंकायला उठले की मीटिंग संपली, हे आमच्या विणकरपुऱ्यात लहान पोट्ट्यालाही मालूम. समाजमंदिराच्या सतरंजीवर आम्ही पंधराएक जण बसलो होतो आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. मी सतरंजीचा एक सुटलेला दोरा ओढत होतो. ओढला तसा तो येतच राहिला.

"चालते ना बे तेजू?" बंटीनं विचारलं. बंटी माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि दोस्ताची फजिती त्याच्याइतकी मन लावून कोणी पाहत नाही.

"चालते न. मले काय होते?"

मला काय होत होतं ते सांगतो. पण आधी बडग्याचं सांगावं लागेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात मारबत, म्हणजे रोगराई नेणाऱ्या बाईचा पुतळा, निघते आणि तिच्यामागं प्रत्येक मोहल्ल्याचा बडग्या. बडग्या म्हणजे बांबूच्या कमच्यांचा, तणस भरलेला, माणसाच्या दीडपट उंच पुतळा. त्या वर्षी गावाला ज्यानं छळलं, त्याचं सोंग त्याला द्यायचं. कधी महागाई, कधी लोडशेडिंग, कधी नळाला न येणारं पाणी. मग त्याला ढकलगाडीवर उभा करून गावभर फिरवायचा, पोटभर शिव्या द्यायच्या, ताप घेऊन जाय, खोकला घेऊन जाय म्हणून ओरडायचं, आणि नाल्यापलीकडच्या पडीत नेऊन जाळायचा. वर्षाची पीडा त्याच्यासोबत गेली.

आमच्या मोहल्ल्याचा बडग्या मी करायचो. दहावी नापास झालो तेव्हापासून. कोणी शिकवलं नाही. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात कामाला होतो, तिथला उरलासुरला रंग डब्यात घेऊन यायचो. पुठ्ठ्याचं तोंड, वांग्याएवढे लाल डोळे, रेक्झिनची हातभर जीभ. पोट्टे पाहूनच पळायचे. वर्षभर मी डेंटिंगवाला तेजू. पण मारबतीच्या दिवशी मी गाडीच्या पुढं चालायचो, आणि एरवी ज्यांच्या गाड्या पुसायचो ते लोक मला वाट करून द्यायचे. त्या एका दिवसावर मी बाकीचे काढायचो.

आता तोंड लोकेश करणार होता.

लोकेश धकाते मास्तरांचा भाचा. नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेला. उन्हाळ्यात मामाकडं आला आणि राहिला. आल्या आल्या त्यानं समाजमंदिराच्या भिंतीवर मोराचं चित्र काढून दिलं. मग अंगणवाडीत हत्ती, मग निनावे काकांच्या नातीच्या वाढदिवसाला पाटी. पैसे घेत नव्हता. बोलायला गोड. मला 'तेजूभाऊ' म्हणायचा. माणूस माजोरडा असता तर सोपं होतं. मी शोधला बरं का माज, बारीक नजरेनं शोधला. नाही सापडला. त्याचाही राग आला.

त्या पावसाळ्यात डेंगूनं आमचा पुरा धुऊन काढला होता. घरोघरी कोणी ना कोणी पडलेलं. लोकेशही आठ दिवस मामाच्या बाजेवर पडून होता. तो उठला. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या इंदूकाकूंची पूर्वा उठली नाही. नववीत होती. म्हणून त्या वर्षीचा बडग्या कोणाचा, यावर मीटिंगमध्ये कोणी वाद घातलाच नाही. डेंगूचा. वाद होता तो तोंडाचा.

लोकेशनं समाजमंदिराच्या मागच्या पडवीत काम मांडलं. आधी मातीचं तोंड घडवलं, त्यावर कागदाचा लगदा थापला, मग आतली माती काढून घेतली. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला कमच्या बांधत बसायचो. पोट्टे सगळे त्याच्याकडं. बाया पाण्याला जाता जाता थांबायच्या. चहा यायचा तो त्याला कपात आणि मला गिलासात. मी रोज गिलासातच प्यायचो, पण ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

एक दिवस माझी आईच तिथं येऊन उभी राहिली. पदर दातात धरून बराच वेळ पाहत होती. मग मला म्हणाली, "पोराच्या हातात काहीतरी हाये, नाई?"

"माह्या हातात काय हाये मंग?"

"तुह्या हातात सुतळी हाये," ती म्हणाली आणि घरी गेली. ती वाईट बोलली नव्हती. माझ्या हातात खरंच सुतळी होती.

आमच्या पुऱ्याची एक रीत आहे. बडग्याच्या पोटात नुसतं तणस जात नाही. प्रत्येक घरचा एक कपडा जातो. घरात जी पीडा, तिचा कपडा. आजारी माणसाच्या उशीची खोळ, कोणाची दारू सुटत नाही त्याचं बनियन, नांदायला न नेलेल्या पोरीच्या साडीचा तुकडा. बाया गाठ मारून देतात. गाठ उघडायची नाही. एकदा भरलेला कपडा परत बाहेर काढायचा नाही, काढला तर पीडा वापस घरी येते. आणि कोणी कोणता दिला ते कोणाला सांगायचं नाही. पोतं घेऊन दारोदार मीच फिरायचो, कारण दुसऱ्या कोणाला तेवढा वेळ नव्हता. मलाही ते काम कटकटीचं वाटायचं. प्रत्येक दारात थांबा, बसा, ऐका. माझा सगळा जीव तोंड रंगवण्यात असायचा.

लोकेशला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, कपडे मी आणतो तेजूभाऊ, तू धड बांध, तेवढाच वेळ वाचेल.

मी म्हटलं, जा.

दुपारी वापस आला तर पोतं रिकामं. म्हणजे आत हवा होती फक्त. सगळीकडं त्याला बसवलं, चहा पाजला, मोराच्या चित्राची तारीफ केली, आणि म्हणाले, कपडा होय का, तेजू येईल तेव्हा देऊ. लोकेश पोत्याची घडी घालत बसला. चार वेळा घातली, चार वेळा उलगडली. पोटात असं गार गार वाटलं मला. म्हटलं, बाहेरचा आहे, समजलं असेल आता.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. पोतं भरत गेलं. शेवटी इंदूकाकूंचं दार. त्यांचे मालक बाहेरच्या बाजेवर भिंतीकडं तोंड करून झोपलेले. काकू आतून आल्या, हातात पूर्वाची शाळेची ओढणी. बारीक घडी करून मधोमध गाठ मारलेली. बाकीच्या बाया कपडा देताना बोलतात, रडतात. काकूंनी फक्त ती पोत्यात टाकायच्या आधी थोडी हातात धरून ठेवली.

"नीट ठेवजो तेजू."

मी हाव म्हटलं. मला घाई होती. बंटीनं सांगितलं होतं की लोकेश आज रंग देऊन राहिला.

रंग देऊन झाला तेव्हा मी पडवीत आलो. तिथं दहा-बारा लोक होते आणि कोणीच बोलत नव्हतं.

मी राक्षसाची वाट पाहत होतो. मच्छराची सोंड, पंख, असं काहीतरी. लोकेशनं ताप आलेला माणूस केला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठांना पापुद्रे, कपाळावर ओला केस चिकटलेला. पुरुष की बाई तेही कळत नव्हतं. ज्याच्या घरी कोणी पडलं होतं, त्यानं हे तोंड रात्र रात्र जागून पाहिलं होतं. निनावे काकांचा हात खर्ऱ्याच्या पुडीवर तसाच राहिला.

सगळे जेवायला गेल्यावर मी सुतळी घेतली आणि दोन्ही डोळ्यांचं अंतर मोजलं. नाकापासून, कानापासून, हनुवटीपासून. कुठंतरी वाकडं असेल. वाकडं नव्हतं. म्हणजे होतं, डावा डोळा किंचित खाली होता, पण तो तसाच असायला पाहिजे हे मलाही दिसत होतं. मी जे वर्षानुवर्षं करत होतो ते सोंग होतं. हे तोंड होतं. कोणी सांगायची गरज नव्हती, मला डेंट भरता येतो, पत्रा कुठं सरळ आहे ते बोटाला कळतं.

मारबतीच्या सकाळी डोकं धडावर बसवायचं होतं. धड मी आदल्या दिवशीच शिवून टाकलं होतं, पण पोत्याच्या तळाशी चार-पाच पातळ कपडे राहून गेले होते. त्यात ती ओढणी. लोकेशनं मला दोनदा बजावलं होतं, डोकं पोकळच राहू दे तेजूभाऊ, वजनानं मान लवेल, आणि आतून उजेड आला की डोळे चांगले दिसतात. तो अंघोळीला गेला होता. शिवण उसवून ते कपडे पोटात घालायला मला दहा मिनिटं लागली असती.

मी ते त्याच्या डोक्यात भरले. कोंबून भरले. म्हटलं, माझंही काहीतरी असू दे तुझ्या तोंडामागं.

डोकं बसवलं आणि मान खरंच लवली. पुढं, थोडी उजवीकडं. लोकेश केस पुसत आला, पाहिलं, आणि जागेवर थांबला. मी भांडणाची तयारी करून उभा होतो.

"भरलं तू," तो म्हणाला.

"भरलं."

तो मागं गेला, पुढं आला, खाली बसून पाहिलं. "राहू दे. हे तर लय भारी झालं. आता पक्कं बिमार दिसते."

माझ्या खोडीनंही त्याचंच तोंड सुधारलं. असं असते नशीब.

मिरवणूक निघाली. टेकडीपुऱ्याचा बडग्या पुढं होता, खड्डे पडलेल्या रस्त्याचा, त्याच्या छातीवर टायरच चिटकवलं होतं. त्याला लोक अशा शिव्या घालत होते की ऐकून पोट दुखावं. आमची गाडी आली की आवाज खाली जायचा. लोक मोबाईल वर करायचे, फोटो काढायचे आणि बाजूच्याला कोपरानं ढोसून दाखवायचे. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली. बडग्याला हात जोडताना मी माणूस पाहिला नव्हता. आमचेच पोट्टे, जे दरवर्षी घसा बसेपर्यंत बोंबलायचे, ते गाडीला हात लावून गुपचूप चालत होते.

मी गाडीच्या पुढं होतो. नेहमीसारखा. लोक माझ्या डोक्यावरून पाहत होते.

"शिव्या द्या न बे," मी पोट्ट्यांना म्हटलं.

"याले कशा देऊ, तेजूदादा," त्यातला एक म्हणाला. "याले तं आधीच ताप हाये."

पडीत पोचेपर्यंत दुपार झाली. ढग होते पण पाऊस नव्हता. टेकडीपुऱ्याचा पेटला, बाकीचे पेटले, मारबत पेटली. आमच्या गाडीभोवती मात्र गर्दी तशीच. मग कोणीतरी म्हणालं, हे जाळू नका. आधी एक, मग बाजूनं दुसरा. डोकं काढून घ्या, नुसतं धड जाळा. समाजमंदिरात काचेच्या पेटीत ठेवू. बाहेरगावचे लोक पाहायला येतील. धकाते मास्तर म्हणाले, अशी वस्तू आपल्या पुऱ्यात पुन्हा होणार नाही.

पुन्हा होणार नाही. मी इतके बडग्या केले. एकाचाही कान वाचवा असं कोणी म्हटलं नाही. पेटवायला सगळे घाईत असायचे.

आणि खरं सांगतो, तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं की जाळा. रीतच आहे, जाळा, अर्धी पीडा घरी नेता का? बरोबरही तेच होतं. पण बंटी माझ्याकडं पाहून हसत होता आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, तेजूले विचारा, तेजू तं म्हणनच जाळा म्हणून. दोघं-चौघं हसले.

निनावे काकांनी ऐकलं. म्हणाले, "बरं आठोलं. बडग्या तेजूचा हाये, दरवर्षी तोच पेटवते. सांग बाबू. जाळाचं का ठेवाचं?"

सगळे माझ्याकडं वळले. सकाळपासून पहिल्यांदा.

"ठेवा," मी म्हटलं.

काय टाळ्या पडल्या. बंटीनं मला मिठी मारली. काकांनी पाठीवर थाप दिली, म्हणाले, मोठं मन लागते. टाळ्या ऐकताना मला वाटलं, चला, तोंड त्याचं राहील पण ठेवलं मी, असं तरी म्हणतील. लोकेश लाल झाला होता. गाडीवर चढून त्यानं सुतळ्या सोडल्या आणि डोकं दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरून खाली उतरला. बिनडोक्याचं धड गाडीवर राहिलं. माझं. लोक त्याच्या पायाशी काटक्या रचायला लागले.

इंदूकाकू तेवढ्यात आल्या. गर्दीच्या कडेनं, हळू. मी आणि लोकेश गाडीमागं होतो, जवळ दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी त्या तोंडाकडं पाहिलं नाही. धडाकडं पाहिलं.

"तेजू, माही कुठं ठेवली रे? पोटात का छातीत?"

मला तोपर्यंत आठवलंच नव्हतं. शप्पथ सांगतो, त्या टाळ्यांमध्ये साफ विसरलो होतो. माझी नजर लोकेशच्या हातांकडं गेली आणि काकूंनी ती पाहिली.

"डोक्यात," मी म्हटलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "काढतो न काकू. आत्ता काढून पोटात घालतो, दोन मिनिटं लागतात."

"काढू नको." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. "गाठ मारून देल्ली होती मी. एकदा देल्ली ते देल्ली. पुन्हा घरी नाई येऊ देत मी ते." मग त्यांनी पहिल्यांदा त्या तोंडाकडं पाहिलं, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांकडं. "राहू दे. साऱ्याईले आवडलं. चांगलं केलं पोरानं. मी त्या रस्त्यानं नाई येत जाईन, झालं."

समाजमंदिरावरूनच पाण्याचा रस्ता होता. किराण्याचाही. काकू पदर सारखा करून मागं वळल्या आणि बायांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

लोकेशनं विचारलं, "काय आहे यात?"

सांगायचं नसते. पण त्यानं सगळं ऐकलं होतं. मी फक्त म्हटलं, "ओढणी."

तो त्या डोक्याकडं पाहत राहिला. बोटानं कपाळावरचा तो चिकटलेला केस सारखा केला, जसा काही खरा होता. पलीकडं निनावे काका ओरडत होते, आणा न बे काडी, पाऊस येते. मला बोलायला पाहिजे होतं. पण मी आत्ताच ठेवा म्हटलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. आता जाळा म्हटलं तर काय म्हणतील, याच्यावर माझी जीभ अडकली होती. आणि कारण तर सांगताच येत नव्हतं.

लोकेश डोकं घेऊन गाडीवर चढला. मानेच्या बांबूवर बसवलं, सुतळी आवळली. डोकं पुन्हा पुढं, उजवीकडं लवलं.

गर्दीतून लोक ओरडले, हे काय, काय करून राहिला? धकाते मास्तर धावत आले. लोकेशनं वरूनच सांगितलं, "मी केलं ना मामा तोंड? मग मी जाळतो. बडग्या आहे. बडग्या जाळतात."

"पण आत्ताच तं ठरलं."

"माझं नव्हतं ठरलं."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं फिरली. आम्ही दोघं गाडीमागं बोलत होतो हे लोकांनी पाहिलं होतं. बंटी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय बोल्ला बे तू त्याले?"

"काही नाई."

"इतका जळतं का बे?"

इंदूकाकू बायांमध्ये उभ्या होत्या, त्यांची नजर जमिनीवर. कोणाचा कपडा ते सांगायचं नाही, रीत आहे.

काडी लोकेशनं माझ्या हातात दिली. "तू लाव. दरवर्षी तूच लावतो ना."

मी खालून पेटवलं. तणस कोरडं होतं, धड भसाभस धरत गेलं. पाय, पोट, छाती. तोंड लवकर धरेना, लगदा जाड होता. मग आग मानेतून आत शिरली आणि ते पातळ कपडे पेटले असतील, कारण एकाएकी त्या अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांमधून उजेड बाहेर आला. पिवळा, हलणारा. लोकेशला सकाळी पाहिजे होता तोच. क्षणभर ते तोंड शुद्धीवर आल्यासारखं दिसलं. मी आजपर्यंत इतकं सुंदर काही पाहिलं नाही आणि तेव्हाही मला वाटलं, हे मला का नाही जमलं.

सगळे गप्प होते. आणि त्यात बायांमधून एक आवाज आला, फाटलेला.

"जाय. घेऊन जाय."

इंदूकाकू. दुसऱ्यांदा ओरडल्या तेव्हा बाजूच्या बाया ओरडल्या. मग पोट्टे. मग सगळा पुरा, ताप घेऊन जाय, डेंगू घेऊन जाय, जाय, जाय. सकाळपासून आत दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. निनावे काकांनी तोंडातला खर्रा थुंकून अशी शिवी दिली की मास्तरही हसले. काकू ओरडत होत्या, आवाज बसला तरी ओरडत होत्या, आणि त्यांच्या मालकांनी, जे महिनाभर भिंतीकडं तोंड करून झोपले होते, त्यांनी गर्दीतून येऊन त्यांचा खांदा धरला.

नंतर नाल्यावर मी आणि लोकेश हात धूत होतो. हाताची काजळी निघता निघेना. मी म्हटलं, तुझं तोंड गेलं.

"जाऊ दे. पुन्हा करता येते." तो बोटं घासत होता. मग खालीच पाहून म्हणाला, "तेजूभाऊ, त्या दिवशी मी अख्खा पुरा फिरलो. एकाही घरानं मला कपडा दिला नाही."

"तू नवा होता न."

"चहा दिला सगळ्यांनी. तारीफ केली. कपडा नाही दिला. तू गेला तर पोतं भरून आलं." त्यानं पाणी तोंडावर मारलं. "लय जळलो मी तुझ्यावर. रात्रभर."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी पुन्हा हात धुतले. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. त्यानं ते बोलून दाखवलं होतं. मी दोन महिने जळत होतो आणि तोंडातून ब्र काढला नव्हता. यातही साला तोच पुढं.

लोकेश आता हैदराबादला असतो, सिनेमाचे सेट बनवतो. फोन करतो मला, पोळ्याच्या आठवड्यात नक्की करतो. यंदा कोणाचा बडग्या, विचारतो, आणि मग थोडं थांबून विचारतो, पोतं भरलं का. भरलं म्हणतो मी.

पुऱ्यात अजून म्हणतात की तेजूनं जळून त्या पोराचं तोंड जाळायला लावलं. चेष्टेत म्हणतात, पण म्हणतात. परवा समाजमंदिरात इंदूकाकूंच्या समोरच बंटीनं तो किस्सा कोणाला तरी सांगितला. मी हसलो. काकू घरी जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, सांगून टाक रे बाबू आता, माही काही हरकत नाई, किती वर्षं ऐकून घेशीन. म्हणून सांगितलं.

लोकेशच्या त्या तोंडाचा एक फोटो आहे. मिरवणुकीत कोणीतरी काढलेला, मोठा करून चौकातल्या केस कापायच्या दुकानात लावलाय, आरशाच्या वर. खुर्चीवर बसलं की तोच दिसतो. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की दुकानवाला कौतुकानं सांगतो, पाहा कसं बनवलं होतं, मान कशी लववली पाहा, जिवंत वाटते.

फोटो गळ्यापर्यंतच आहे, खाली धड नाही. मी गळ्याला टॉवेल बांधून गपचूप बसून राहतो. मान मी लववली होती.